दोरीच्या आत अकरा मिनिटं

शनिवार, १० मे. पहाटे ५.१० ला जाग. हवा दमट, वारा नाही. चहा एक कप, बिनसाखरेचा. ६.२५ ला वाटाड्याबरोबर निघालो. मी, वन्सं आणि एक तरुण जोडपं. ६.५० ला मोठा निळसर खेकडा, नारळाच्या खोडावर चढताना (फोटो ४). ७.१५ ला फळं खाणारी वटवाघळं, सुमारे साठ, उलटी टांगलेली (फोटो ९, त्यांतले दोन बरे). ७.३० ला पांढरी सुरय, उघड्या फांदीवर एकच अंडं घेऊन बसलेली. वाटाड्याने आपणहून दोरीच्या आत नेलं. ७.४० ला सुरय उडाली, अंडं दिसलं. ७.५१ ला परत येऊन बसली (फोटो २३). फार चांगला माणूस. अभिप्रायवहीत तसं लिहिलं. दुपारी डोकं दुखलं, एक गोळी घेतली. वन्संच्या चपलेचा अंगठा तुटला.

पान नेहमीसारखंच होतं. अक्षर सरळ, खाडाखोड नाही, वेळा मिनिटासकट. त्यात एकच गोष्ट खरी नव्हती, आणि ती खरी नाही हे बाईंना लिहितानाच माहीत होतं.

बाई एक्कावन्न वर्षं रोजनिशी लिहीत होत्या. लग्नानंतर पहिल्या सोमवारी सुरुवात केली ती आजतागायत. शिकल्या कॉन्व्हेंटमध्ये. तिथल्या सिस्टर रोज शेवटच्या तासाला मुलींकडून दिवसभराचं लिहून घ्यायच्या आणि वह्या तपासताना एकच विचारायच्या, 'हे झालं की तुला व्हावंसं वाटलं?' ते बाईंच्या हाडीमासी मुरलं होतं. नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा दर चार तासांचा ताप, औषध, किती घोट पाणी प्यायला, सगळं त्यांच्या वहीत होतं. डॉक्टर हॉस्पिटलचा तक्ता बाजूला सारून वही मागायचे. तो गेला त्याला सहा वर्षं झाली, तरी बाई ही गोष्ट नव्या माणसाला दुसऱ्या भेटीत सांगायच्याच. घरातली मंडळी त्यांना मागून 'नोंदवही' म्हणायची. बाईंना ते माहीत होतं. मनातून आवडायचंही.

जावयाने कॅमेरा दिला तेव्हापासून नोंदीला फोटोंचा आकडा जोडला गेला. वर्षभर खिडकीतल्या साळुंक्यांचे फोटो काढून झाले, आणि मग नणंदेने बेत काढला.

"वहिनी, त्या साळुंक्यांनाही आता तुमचा कंटाळा आलाय. चला, बेटावर जाऊ दोन दिवस. तुम्ही पाखरं बघा, मी समुद्र बघते."

नणंद म्हणजे वन्सं. बाईंपेक्षा चार वर्षांनी लहान, अंगाने ऐसपैस, तोंडाने त्याहून. तिच्याकडे मोबाइल होता आणि ती दिसेल त्याचा फोटो काढायची. लाँचमधून उतरेपर्यंत तिचे साठ झाले होते. "सगळ्यांत माझं बोट आलंय," ती म्हणाली, "पण बोट किती छान आलंय बघा."

बेटावर अभयारण्य होतं. लाँचच्या धक्क्याला लागून बैठी कचेरी, तिच्या ओसरीत बाकं, आणि एका टेबलावर साखळीने बांधलेली जाडजूड अभिप्रायवही. शनिवारी पहाटे त्याच ओसरीत वाटाड्या उभा होता.

पन्नाशीचा, काटक, खाकी शर्टाच्या खिशावर पत्र्याचा बिल्ला. बिल्ला शर्टापेक्षा स्वच्छ होता. माणूस बोलका निघाला, पण बोलायचा चालता चालता, मागे न बघता, त्यामुळे अर्धं वाऱ्यावर जायचं. बाई त्याच्या मागोमाग चालल्या म्हणून त्यांना सगळं ऐकू आलं.

त्याचा बाप याच झाडांवरून सुरयीची अंडी काढून विकायचा. हा हलका, म्हणून फांदीच्या टोकाला ह्याला पाठवायचे. "शंभर तरी अंडी खाली आणली असतील मी, मावशी. तोंडात धरून. दोन्ही हात फांदीला लागायचे ना." मग अभयारण्य झालं, अंडी काढणं बंद झालं. बाप चिडून बेट सोडून गेला. हा राहिला. पायवाटांवर खडी टाकली, कुंपणं बांधली, आणि पुढे वाटाडे नेमायचे ठरले तेव्हा परीक्षेला बसला. लिहिण्यात कच्चा. तेव्हाच्या साहेबांनी तोंडी घेतली. एकेका झाडापाशी नेऊन विचारलं, इथे काय? ह्याने एकशे चाळीस झाडांचं सांगितलं. कुठल्या फांदीला खळगी आहे, कुठल्या खळगीत कितव्या वर्षी अंडं टिकलं, कुठलं पडलं.

"घरटं नाही बांधत ती," त्याने थांबून सगळ्यांना दाखवलं. एका फांदीवर बोटभर खोल खळगी होती, एवढंच. "एकच अंडं. असंच ठेवते. खाली काही नाही, बाजूला काही नाही. म्हणून ही दोरी."

प्रत्येक झाडाभोवती पंधरा पावलांवर निळी दोरी बांधलेली होती. वाटाड्याच्या खिशात जाड कागदाचा तक्ता होता आणि कानावर पेन्सिल. रोज सकाळी फेरी मारायची, झाडापुढे खूण करायची. सुरय बसलेली दिसली तर गोल. माणसामुळे उडाली आणि पाच मिनिटांत परतली नाही तर फुली. फुली पडली की ते झाड आठवडाभर बंद, आणि का पडली ते कचेरीत जाऊन सांगायचं.

"आणि नाही सांगितलं तर?" जोडप्यातल्या मुलाने विचारलं.

"तर मग मी वाटाड्या कसला?" तो म्हणाला.

त्याचा परवाना दर जूनमध्ये नवा व्हायचा. साहेब दोनच गोष्टी बघायचे, तक्ता आणि अभिप्रायवही. "वहीत कोणी आमचं लिहीतच नाही हो. सगळे डासांबद्दल लिहितात. पान पानभर. माझं माहीत नाही, पण डासांचा परवाना यंदा नक्की होणार." वन्सं हसून हसून दमली. दोन वर्षांत त्याच्याविषयी फक्त दोघांनी लिहिलं होतं, तेही एकाने 'गाइड बरा' असं.

बाईंनी हे ऐकलं आणि मनात ठेवलं. वाईट हेतूने नाही. बाई सगळंच मनात ठेवायच्या, लिहायला लागतं म्हणून.

वटवाघळांपुढे थोड्या अंतरावर वन्संची चप्पल तुटली. ती एका ओंडक्यावर बसली, जोडपं तिच्या सोबतीला थांबलं, आणि वाटाड्या म्हणाला, "या मावशी, पुढच्या झाडावर एक बसलेली आहे, एवढी दाखवतो."

बसलेली होती. पांढरी शुभ्र, काळा टपोरा डोळा, फांदीवर कुणी विसरून ठेवल्यासारखी. बाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला. मधे एक पानांचा झुबका येत होता. डावीकडे सरकल्या, झुबका डावीकडे आला. उजवीकडे सरकल्या तर नुसती शेपटी.

"दोन पावलं आत जाऊ का?"

"दोरी आहे, मावशी."

"ती पाखराला घाबरवणाऱ्यांसाठी. मी काय ओरडणार आहे?"

"दोरी म्हणजे दोरी," तो हसत म्हणाला. "पुढच्या वर्षी या. तेव्हा ही इकडच्या फांदीवर बसवतो."

"पुढच्या वर्षी!" बाई म्हणाल्या. "अहो, त्र्याहत्तर संपलं मला. गुडघे हे असे. तुम्हाला काय वाटतं, मी पुन्हा येणार आहे?"

बाईंनी कॅमेऱ्यावर झाकण लावलं. टक् असा आवाज झाला. आपण घरी जेवणावरून उठताना ताट सरकवतो तसा तो आवाज होता आणि बाईंनी तो मुद्दाम केला होता.

"राहू दे. पानं बघितली म्हणून लिहिते."

"तसं नका करू, मावशी."

"मग काय करू? मला खोटं लिहिता येत नाही." आणि थोडं थांबून, आवाज खाली आणून, "चार पावलांचा तर प्रश्न. मी तुमच्याबद्दल वहीत चांगलं लिहीन. सविस्तर. साहेबांना वाचावंच लागेल असं लिहीन."

वाटाड्याने मागे पायवाटेकडे बघितलं. कोणी नव्हतं. मग त्याने दोरी उचलली.

बाई तिच्याखालून वाकून गेल्या. गुडघे मुळीच दुखले नाहीत.

चौथ्या पावलाला सुरय उडाली. फांदीवर अंडं राहिलं, राखाडी ठिपक्यांचं, इतकं उघडं की बघवू नये. बाईंनी बघितलं. फोटो काढत राहिल्या. वाटाड्या त्यांच्या खांद्यामागे पुटपुटत होता, "झालं ना मावशी, चला, ती वर घिरट्या घालतेय, आपण गेलो की येईल." बाई म्हणत होत्या, "एकच. हा शेवटचा. थांबा, उजेड आलाय." मधेच खोडावरून एक सरडा सरसर वर आला आणि फांदीच्या बेचक्यात थांबला. वाटाड्याने डोक्यावरची टोपी काढून खोडावर मारली. सरडा खाली गेला. बाईंनी त्या टोपी नसलेल्या माणसाकडे बघितलंसुद्धा नाही. त्या तेविसाव्या फोटोवर होत्या.

दोरीबाहेर आल्यावर सुरय परत येऊन बसली. बाईंनी घड्याळ बघितलं आणि खिशातल्या छोट्या वहीत वेळ टिपली. शेजारी वाटाड्याने तक्त्यात त्या झाडापुढे गोल काढला. बाईंनी तोही बघितला.

दुपारी ओसरीत बसून त्यांनी अभिप्रायवहीत दीड पान लिहिलं. वचन दिलं होतं ते पाळलं. 'असा आपुलकीचा वाटाड्या दुर्मीळ. माझं वय व गुडघे पाहून त्याने आपणहून मला दोरीच्या आत नेलं. पक्षी अकरा मिनिटं दूर होता (७.४० ते ७.५१), त्यामुळे अंड्याचं सुंदर दर्शन घडलं. या गृहस्थांची योग्य दखल घेतली जावी.' खाली सही, तारीख. 'आपणहून' हा शब्द लिहिताना पेन क्षणभर थांबलं होतं. पण 'मी हट्ट केला' असं लिहिलं तर त्याच्या चांगुलपणाला काय अर्थ राहणार, असं बाईंनी स्वतःला सांगितलं. आणि त्र्याहत्तर वर्षांची बाई पाखराच्या फोटोसाठी रुसून बसली, हे शाईने लिहायचं?

रविवारी सकाळी ओसरीत दुसराच वाटाड्या आला. ढेरपोट्या, गळ्यात शिट्टी अडकवलेला.

"कालचे कुठे गेले?" वन्संने विचारलं.

"बिल्ला जमा झाला त्याचा. काल संध्याकाळी. कुणी तरी वहीत लिहिलं म्हणे त्याच्याविरुद्ध, घड्याळ लावून."

"अगं बाई! कोण मेलं असं लिहितं?" वन्सं कडाडली. "इतका चांगला माणूस. कुणाच्या पोटात दुखलं?"

"असतात लोक," शिट्टीवाला म्हणाला.

"असतात कसले! हात झडो त्यांचा. काय हो वहिनी?"

बाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला. समोर बघण्यासारखं काहीच नव्हतं, नुसती कचेरीची भिंत. त्यांनी त्या भिंतीचा फोटो काढला.

"तुम्ही पुढे व्हा," त्या वन्संला म्हणाल्या. "माझं डोकं अजून दुखतंय. मी बसते."

सगळे गेल्यावर बाई टेबलापाशी गेल्या. अभिप्रायवहीतून पिवळ्या कागदाची पट्टी बाहेर आली होती. त्यांच्याच पानावर. 'अकरा मिनिटं'खाली आणि 'आपणहून'खाली लाल रेघ होती. आयुष्यात पहिल्यांदा बाईंनी आपलं अक्षर पुन्हा न वाचता वही मिटली.

कचेरीत साहेब म्हणजे तिशीची एक मुलगी होती, चष्मा लावलेली, पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून त्यांवर शिंपले ठेवून बसलेली.

"या आजी. तुमचंच ना ते पान? इतकं स्वच्छ कोणी लिहीत नाही."

"हो. त्याबद्दलच. तो माणूस खरंच फार चांगला आहे. मी तक्रार म्हणून नव्हतं लिहिलं."

"माहीत आहे. म्हणून तर विश्वास बसला." मुलीने तक्ता पुढे केला. "हे बघा. तुम्ही म्हणता अकरा मिनिटं. इथे गोल आहे. दोरीच्या आत नेलं ते एक, आणि लपवलं ते दुसरं. मी काल त्याला विचारलं. म्हणाला, बाईंनी लिहिलंय तसंच झालं."

"तसंच?"

"आपणहून नेलं म्हणाला. एका शब्दाने नाकारलं नाही. नाही तर मी म्हटलं असतं, पाहुणे हट्ट करतात, एखादा माणूस विरघळतो. तसं काही झालं होतं का, आजी?"

असा सरळ प्रश्न होता. दार उघडून कुणी बाजूला व्हावं तसा. बाईंनी तोंड उघडलं. त्या मुलीचे डोळे त्यांच्या पांढऱ्या केसांकडे, इस्त्रीच्या साडीकडे मोठ्या आदराने बघत होते.

"तो बोलला असेल तर..." बाई म्हणाल्या. "त्याला माफ करता येणार नाही का?"

"परवाना रद्दच करावा लागेल. वाईट मलाही वाटतंय."

बाई 'बरं' म्हणाल्या. चक्क 'बरं' म्हणाल्या आणि बाहेर आल्या. ओसरीच्या पायऱ्या उतरताना त्यांना स्वतःची इतकी किळस आली की त्या शेवटच्या पायरीवर उभ्याच राहिल्या.

वाटाड्याचं घर त्यांनी चहावाल्याला विचारलं. धक्क्यामागे एका ओळीत आठ खोल्या, शेवटची त्याची. दारात त्याची बायको बसली होती, मांडीवर खाकी शर्ट, हातात सुई. खिशावरचा बिल्ल्याचा टाका उसवून ती भोकं बुजवत होती.

"कोण पाहिजे?"

"मी... काल त्यांच्याबरोबर झाडं बघायला होते."

"मग तुम्हाला माहीत असेल ती लिहिणारी कोण ते. मला दाखवा तरी. मला फक्त तिचं तोंड बघायचंय."

बाई उभ्याच राहिल्या. आतून वाटाड्या आला. डोक्यावर टोपी नव्हती.

"ह्याच त्या," तो बायकोला म्हणाला.

बायकोने सुई शर्टात खोचली. "अस्सं. म्हणजे तोंडावर गोड बोलून गेलात आणि मागून वही. काय बिघडवलं होतं हो ह्यांनी तुमचं?"

"मी त्यांचं चांगलंच लिहिलं होतं."

"चांगलं? मग वाईट लिहिता तेव्हा काय करता, घर पेटवता?"

"गप गं," वाटाड्या म्हणाला.

"मी गप? वीस वर्षं एक दिवस चुकला नाही हा माणूस. ताप अंगात असताना फेरीला गेलाय. आमच्या मुलीचं लग्न होतं, त्या दिवशीसुद्धा आधी झाडं मोजून आला आणि मग अंघोळीला बसला. पाहुणे म्हणाले, नवरीचा बाप कुठाय? म्हटलं, पाखरांच्या बाळंतपणाला."

बाई वाटाड्याकडे वळल्या. "तुम्ही साहेबांना का नाही सांगितलं? मी हट्ट केला होता. तुम्ही दोनदा नाही म्हणालात."

बायको एकदम त्याच्याकडे बघायला लागली. हे तिला माहीत नव्हतं.

"दोरी मी उचलली, मावशी," तो म्हणाला. "तुम्ही नाही."

"पण..."

"आणि तो गोल मी काढला. तेही तुम्ही सांगितलं नव्हतं. मग तुमच्या वयाच्या बाईवर ढकलून काय करू? साहेब म्हणाल्या असत्या, बाईंनी इतकं नीट लिहिलंय आणि हा आपली कातडी वाचवतोय." तो जरासा हसला. "तुमचं अक्षर बघितलं मी. वाचता नाही आलं सगळं. पण असं अक्षर खोटं कशाला बोलेल, असंच कुणालाही वाटणार."

त्याने हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. टोमणा असता तर बरं झालं असतं.

"बसा," तो म्हणाला. "पाणी आण गं."

"पाणी ह्यांना?" बायको म्हणाली, पण उठली. बाई पाण्यासाठी थांबल्या नाहीत.

दोनच्या लाँचसाठी दीडपासून ओसरी भरली. सामान, टोप्या, ओले टॉवेल, पंधरा-वीस माणसं. वन्सं बाकावर ऐसपैस बसून जोडप्याला आपल्या बोटाचे फोटो दाखवत होती. साहेब मुलगी तिकिटं फाडायला टेबलापाशी आली. धक्क्यावर वाटाड्या लाँचचा दोर खुंटाला बांधत होता. हातात काम नाही म्हणून त्या दिवसापुरतं हे घेतलं असावं.

बाई टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, मला त्या पानावर अजून लिहायचंय."

"लाँच आलीय, आजी."

"मी सकाळी तुम्हाला खरं सांगितलं नाही."

मुलीचा हात तिकिटांवर थांबला. बाईंचा आवाज मुळातच वर्गात ऐकू जाईल असा. बाकांवरची बोलणी कमी झाली. बाईंना वाटलं आपण आत जाऊन, दार लावून सांगू शकतो. मग वाटलं, लिहिलं उघड्यावर आणि सांगायचं दार लावून?

"त्याने मला आपणहून नेलं नाही. मी मागे लागले. तो दोनदा नाही म्हणाला. मग मी रुसले. मग मी म्हटलं, वहीत तुमचं चांगलं लिहीन. परवान्यासाठी त्याला ते हवंय हे मला माहीत होतं, त्यानेच सांगितलं होतं. म्हणून मी तेच म्हटलं." त्या एका दमात बोलत होत्या, रोजनिशी वाचून दाखवावी तसं, आणि चेहरा कानापर्यंत तापला होता. "आत गेल्यावर तो चला चला म्हणत होता. मी निघाले नाही. सकाळी तुम्ही मला विचारलंत तेव्हाही मी बोलले नाही. मला लाज वाटत होती."

कुणी तरी मागे खाकरलं. जोडप्यातली मुलगी आपल्या चपलांकडे बघत होती. बाईंनी वन्संकडे बघितलं नाही.

त्यांनी पेन काढलं. 'आपणहून' ह्या शब्दावर काट मारली. एक्कावन्न वर्षांत शाईने मारलेली पहिली काट असेल ती. शेजारी समासात बोलल्या तेवढं सगळं लिहिलं, सही केली. अक्षर वाकडं आलं.

साहेब मुलीने ते उभ्यानेच वाचलं.

"दोरीचं मी समजू शकते," ती म्हणाली. "पण आजी, तक्त्यातला गोल त्याचा आहे. आम्ही त्या गोलांवरच पक्षी मोजतो. एक खोटा असला की बाकीच्यांकडे कसं बघू?" तिने वही मिटली. "रद्द नाही करत. तीन महिने बंद. जूनचं ऑगस्टमध्ये बघू."

"तीन महिने."

"ह्याहून कमी नाही होणार."

आणि मग, तिकीट देताना, हळूच, "सकाळीच सांगायचं होतं, आजी. मी काल वर कळवायचं थांबवून ठेवलं होतं, तुम्ही भेटाल म्हणून. तुम्ही गेल्यावर अकरा वाजता कळवलं. तेव्हा बोलला असतात तर नुसत्या समजावर भागलं असतं."

बाईंनी तिकीट घेतलं. ते हातात कुठल्या बाजूने धरायचं हेसुद्धा त्यांना सुचेना.

लाँचवर चढताना वाटाड्याने वयस्क माणसांना हात द्यायला म्हणून हात पुढे केला, तसा त्यांनाही केला. बाईंनी तो धरला. ओसरीतलं त्याच्यापर्यंत पोचलं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"तीन महिने म्हणाल्या," बाई म्हणाल्या.

"हो. तोवर पिल्लं उडून जातील यंदाची." त्याने बेटाकडे एकदा बघितलं. "त्या शिट्टीवाल्याला झाडं पाठ नाहीत. सांगून ठेवतो त्याला."

"मी पत्र लिहू का तुमच्यासाठी? वरच्या साहेबांना?"

"नको, मावशी," तो पटकन म्हणाला. मग जरा मऊपणाने, "लिहू नका काही. बसा सांभाळून, पायरी ओली आहे."

लाँच सुटली. वन्सं शेजारी बसली होती आणि तिने मोबाइल बाहेरच काढला नाही. असं ह्यापूर्वी कधी झालं नव्हतं. बेट मागे राहिल्यावर ती म्हणाली, "सकाळी मी हात झडो म्हणाले. तुम्ही ऐकत उभ्या होतात."

"हो."

"मला थांबवायचंत तरी."

"काय सांगून थांबवणार होते?"

वन्संने पदराने कपाळ पुसलं. "दादा असता तर म्हणाला असता, नोंदवहीचंही पान फाटतं कधी कधी."

"त्यांच्याबद्दल नका बोलू आत्ता," बाई म्हणाल्या. "त्यांना हे कळलं नाही तेवढं बरं आहे."

वन्संने त्यांच्या हातावर हात ठेवला. बाईंनी हात काढून घेतला नाही, पण उलटवून तिचा धरलाही नाही. मांडीवर कॅमेरा होता. त्यात सुरयीचे तेवीस फोटो होते, आणि त्यांतले बहुतेक सगळे अगदी स्वच्छ आले होते.

घरी पोचायला सहा वाजले. बाईंनी दिवा लावला, हातपाय धुतले आणि टेबलाशी बसल्या. शनिवारचं पान उघडून जे वहीत लिहिलं तेच तिथेही समासात लिहिलं, वन्संसमोर भिंतीचा फोटो काढला त्यासकट. अकरा वाजल्याचंही लिहिलं. तीन महिन्यांचंही. मग रविवारची तारीख टाकली आणि खूप वेळ पेन तसंच धरून ठेवलं. शेवटी लिहिलं:

रविवार, ११ मे. सायंकाळी ६ ला घरी. स्वयंपाकघरातला नळ गळतो आहे, खाली पातेलं ठेवलं.